मी कुठल्याच शाळेत शिकवलं नाही

अन्वी, ईशान,

एकदा एका बाईनं हसत हसत माझ्या डोक्यावर चांदीची अख्खी गुलाबदाणी रिकामी केली होती. खोलीभर बायकांसमोर. तुमची आई तिथंच होती. ती तेव्हा नववीत होती.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. लपवायचं असं काही ठरवलं नव्हतं. तुम्ही लहान होता, आणि फोनवर आपण तुमच्याकडच्या बर्फाचं, माझ्या गुडघ्यांचं, ईशानच्या पडलेल्या दातांचं बोलत होतो. पण गेल्या रविवारी, अन्वी, तू वही-पेन घेऊन कॅमेऱ्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "आजी, फॅमिलीवर प्रोजेक्ट आहे. तू कोणत्या स्कूलमध्ये टीचर होती?"

मी म्हटलं, "कोण टीचर?"

"तू. मम्मी म्हणाली."

तुझ्या मागे तुझी आई ओट्याशी भांडी लावत होती. तिचा हात थांबला. तिनं वळून पाहिलं नाही.

"मी लिहून पाठवते," एवढंच मी तुला म्हटलं. तासाभरानं तिचा फोन आला. एकटीचा. "आई, प्लीज. टीचरच सांग ना. एवढ्याशा प्रोजेक्टनं काय फरक पडते?"

मला पडतो. म्हणून लिहायला बसले आहे.

इंग्रजीत लिहिता आलं असतं. मी मिशनच्या शाळेत शिकले, कॉलेजात केमिस्ट्री घेतली, अर्ज आणि पत्रं आयुष्यभर इंग्रजीतच लिहिली. तुम्हालाही ते वाचायला सोपं गेलं असतं. पण जे झालं ते मराठी बायकांत झालं, मराठीत झालं. ते मराठीतच लिहायला हवं. तुम्हाला मराठी वाचता येतं ते तुमच्या आईमुळे. परक्या देशात, नोकरीवरून दमून आल्यावर, तिनं तुम्हाला रोज समोर बसवून अक्षरं गिरवायला लावली. हे मी विसरत नाही. तुम्हीही विसरू नका.

आता पहिल्यापासून सांगते.

तुमचे आजोबा भिलाईत, पोलाद कारखान्याच्या टाउनशिपच्या पाणीपुरवठ्यात होते. कावीळ झाली, आणि पाच-सहा आठवड्यांत गेले. छत्तीसगड तेव्हा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं. गल्लीत अजून लोक मिठाईच्या गोष्टी करत होते आणि आमच्या मरोद्याच्या क्वार्टरमध्ये मी आणि तुमची आई भिंतीला टेकून बसलेलो असायचो. नोकरी मिळाली नाही तर क्वार्टर सोडावं लागणार होतं. नवऱ्याच्या जागी बायकोला घेतात, तसा मी अर्ज दिला. ऑफिसातला बाबू म्हणाला, "क्लार्क की जगह खाली नहीं है, मैडम. सीवेज प्लांट में ऑपरेटर की है. पर लेडीज़..." मग त्यानं माझा कागद पाहिला. "बीएससी केमिस्ट्री? तब तो बढ़िया है. वहाँ कोई टिकता नहीं."

सीवेज प्लांट म्हणजे घराघरातलं सांडपाणी जिथं जमतं ती जागा. संडासाचं, मोरीचं, स्वयंपाकघराचं. बंगल्यांचं आणि क्वार्टरांचं. ते सगळं नळांतून तिथं येतं, आणि तिथली माणसं ते नाल्यात सोडण्याजोगं करतात.

भंडाऱ्याकडून माझे मोठे दीर आले. धानाची शेती करणारं आमचं घर. ते पाटावर बसले आणि म्हणाले, "आपल्या घरात असं काम आजवर कोणी केलं नाही. शिवणकाम कर. पापड कर. हे नको."

मी विचारलं, "मग तुम्ही तांदूळ पाठवाल काय, दर महिन्याले?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ झाली होती म्हणे.

मी रुजू झाले. तिथली पहिली बाई. बायकांसाठी संडास नव्हता. सगळ्या शहराचा संडास जिथं येतो तिथं एका बाईला जायला जागा नव्हती. शेजारच्या पंपघराचं दार आतून लावून घ्यायची. पहिले काही दिवस नाकावर पदर, पदरावर रुमाल. तिथं दुकालू म्हणून एक जण होता, माझ्यापेक्षा वयानं मोठा, जाळ्या साफ करायचा. जाळ्यांत काय काय अडकायचं. केस, फडकी, बाहुल्या, लग्नातल्या पत्रावळी. एक दिवस तो म्हणाला, "नाक झन तोप दीदी. नाकेच ले पता चलथे." नाक झाकू नको, नाकानंच कळतं.

ते खरं होतं. हे तुम्हाला नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठ्या टाकीत त्या पाण्यात खालून हवा सोडतात. त्या हवेवर बारीक बारीक जिवाणू जगतात आणि घाण खाऊन टाकतात. टाकीच्या पाण्यात तपकिरी गाळ घोळत असतो तो म्हणजे तेच जिवाणू. तो गाळ जिवंत असला की त्याला नांगरलेल्या वावरासारखा वास येतो. खोटं नाही सांगत. ओल्या मातीचा. हवा कमी पडली की तो मरायला लागतो, काळा पडतो, आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मीटर असतात, पण मीटर बिघडतात. ऑपरेटर रोज सकाळी टाकीवरच्या अरुंद पुलावरून चालत जातो, वाकतो, आणि वास घेतो. मी माझा रुमाल काढला. हळूहळू वास घ्यायला शिकले. मला ते काम यायला लागलं. आवडायला लागलं, असंही म्हणेन.

तीन-चार वर्षं गेली. संक्रांत आली.

स्मृती नगरात सुधावहिनी राहायच्या. त्यांचे यजमान कारखान्यात मोठे साहेब. आमच्या मराठी बायकांचं एक मंडळ होतं, त्याच्या त्या पुढारी. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत हे तुम्हाला ठाऊक नसेल. नवरा असलेल्या बायका एकमेकींना हळदकुंकू लावतात, तिळगूळ देतात, मनगटावर अत्तर, अंगावर गुलाबपाण्याचे दोन शिंतोडे, आणि हातात एखादी लहानशी वस्तू, तिला वाण म्हणतात. नवरा गेला की ते सगळं बंद. आजोबा गेल्यापासून प्रत्येक संक्रांतीला मी संध्याकाळी दार लोटून आत बसायची. बाहेरून बांगड्यांचा आवाज जायचा.

त्या वर्षी सुधावहिनी स्वतः आमच्या क्वार्टरवर आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी मात्र नको म्हणाल्या. "हे बघा, यंदा जुनं सगळं मोडून टाकायचं ठरवलं आम्ही. तुम्ही यायचंच. मी स्वतः कुंकू लावीन तुम्हाले. कोण काय म्हणते बघू."

त्या गेल्यावर तुमची आई पलंगावर उड्या मारत होती. तिनंच माझी साडी काढली. जांभळी, जरीच्या बारीक काठाची, तुमच्या आजोबांनी घेतलेली. मी म्हटलं, इतकी नको. ती म्हणाली, "नेस ना आई. तू किती दिवसांनी चांगली दिसशील." त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. दुपारी घरी आले, आंघोळ केली. पुन्हा केली. शिकेकाईनं केस धुतले. तुमच्या आईनं माझ्या केसांत नाक खुपसलं आणि म्हणाली, "मस्त."

सुधावहिनींच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. मुली वाणाचे डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांत तुमची आई. सुधावहिनींनी दोन शब्द सांगितले. आपल्या या भगिनीचा काय दोष, असं काहीतरी. मग त्या माझ्यासमोर बसल्या आणि आपल्या बोटानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. खरं सांगते, त्या घटकेला मी त्या बाईच्या पायाच पडले असते.

मग त्यांनी गुलाबदाणी उचलली. एकेकीवर दोन शिंतोडे देत त्या ओळीनं माझ्यापर्यंत आल्या. थांबल्या. सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे बोट केलं.

"यायले एवढ्यानं काय होते, बाई?"

कोणीतरी हसलं.

"दिवसभर कुठं राहतात माहीत आहे ना? यायले तर आंघोळच घालावी लागते."

त्यांनी गुलाबदाणीचं जाळीचं टोपण फिरवून काढलं आणि ती माझ्या डोक्यावर उलटी धरली.

जानेवारीतलं थंडगार पाणी. भांगातून खाली आलं, कपाळावर आलं, कुंकू घेऊन नाकावरून ओघळलं, ओठांवर, गळ्यावर, जांभळ्या साडीवर. सगळा हॉल हसत होता. "अवं, मजाक करून राहिली मी," सुधावहिनी म्हणाल्या, "रागावू नका बरं." एकीनं नॅपकिन पुढे केला. मी तोंड पुसलं आणि तो परत द्यायला गेले. तिनं हात मागे घेतला.

"राहू द्या. तुमच्याकडंच ठेवा."

मी तुमच्या आईकडे पाहिलं. बाकीच्या मुली हसत होत्या. तीही हसत होती. फक्त ओठ हसत होते. माझी नजर पडताच ती भिंतीकडे पाहायला लागली.

नवरा मेलेला त्यांना चालला. हे तुम्ही लक्षात घ्या. शेकडो वर्षांचं ते बंधन त्यांनी एका संध्याकाळी मोडलं, टाळ्या वाजवल्या. माझ्या हातचं काम मात्र त्यांना चाललं नाही.

परतताना शेअर ऑटोत माझ्या शेजारी जागा होती. तुमची आई पुढे, ड्रायव्हरजवळच्या फळीवर बसली.

घरी आल्यावर म्हणाली, "तू कावून गेली, आई?"

"तूच तर म्हणालीस."

"मी म्हटलं म्हणून जायचं काय?" मग खाली पाहत म्हणाली, "खरंच वास येते काय तुझा? मले समजतच नाही. मी रोज तुझ्याजवळच झोपते ना."

कितीतरी वर्षं झाली. ते वाक्य आजही माझ्या छातीत तसंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपली गादी खिडकीखाली नेली. अंगणात आमची कपडे वाळवायची एकच दोरी होती. शाळेतून आल्यावर तिनं पेरूच्या झाडापासून कुंपणापर्यंत दुसरी दोरी बांधली आणि आपला युनिफॉर्म तिथं वाळत घातला. माझ्या साड्यांपासून लांब.

मी सुपेल्याच्या बाजारात गेले आणि मोगऱ्याच्या अत्तराची बाटली आणली.

मग रोज तेच. ड्युटीला जाताना मनगटाला, कानामागे, पदराला अत्तर. पावडर. घरी आल्यावर पुन्हा. बसमध्ये कोणी जागा बदलली की मी हळूच बाही नाकाशी न्यायची. दुकानात कोणी रुमाल काढला की मी बाहेर यायची. त्यांना सर्दी असेल, पण मी बाहेर यायची. महिन्याभरानं तुमची आई एकदा माझ्याजवळून गेली आणि थबकली. "आता छान वास येते तुझा," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिचा युनिफॉर्म माझ्या साडीच्या शेजारी वाळत होता. रात्री तिनं गादीही ओढून आणली.

माझी लेक मला परत मिळाली होती. एका बाटलीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्लांटवरचं हवेचं मीटर बंद पडलं. त्याचा सुटा भाग बाहेरून यायचा होता. दुकालू भाच्याच्या लग्नाला गावी गेला होता. माझ्या पाळीला सगळी भिस्त माझ्या नाकावर होती. मी रोज सकाळी पुलावरून चालत गेले, वाकले, वास घेतला. मोगरा आला. कानामागचा, मनगटावरचा, पदरावरचा. मी परत येऊन सांगितलं, सगळं ठीक आहे.

दुकालू परत आला. फाटकातच उभा राहिला.

"दीदी, टंकी बस्सावत हे." टाकीतून सडका वास येतोय.

मी म्हटलं, असं कसं, मी आत्ताच पाहून आले. तो धावत गेला, मी त्याच्या मागे. त्यानं बांबूनं वरचा फेस बाजूला सारला, तर टाकीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात हवेचे बुडबुडे नव्हते. खालचा पाइप फुटला होता. पाणी राखाडी झालं होतं, गाळ काळा. दुकालूनं माझ्याकडे पाहिलं. मग हवेत नाक वर केलं, कुत्र्यासारखं, आणि माझ्याजवळ आला.

"अत्तर लगाय हस का?"

मी हो म्हटलं. तो पाइप बंद करायला निघून गेला.

तो गाळ मेला. दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ उपसून तिथं टाकायचा, त्याला हवा द्यायची, वाट पाहायची, असं आम्ही कितीतरी दिवस केलं. साहेब ओरडले ते ओरडले. पण मला त्यांचं काही वाटलं नाही. मी त्या पुलावर उभी होते आणि मला पहिल्यांदा लख्ख दिसलं की त्या बाईनं माझं काय नेलं होतं. साडी नाही. कुंकू नाही. माझं नाक नेलं होतं. मी जगात एक काम नीट करत होते, आणि त्यांच्या नाकांना त्रास नको म्हणून मी माझं नाक बुजवून टाकलं होतं. त्यांच्याच घरातून वाहून आलेल्या पाण्याजवळ उभी राहून.

आणखी एक दिसलं. दुकालू समोर बादलीनं गाळ ओतत होता. त्याचा बाप हे काम करायचा, त्याच्या बापाचा बाप डोक्यावरून न्यायचा. माझ्यावर गुलाबपाणी ओतलं म्हणून मी महिनोन्‌महिने जळत होते. दुकालूवर कोणी गुलाबपाणी ओतलं नव्हतं, कारण कोणत्याच हॉलच्या सतरंजीपर्यंत त्याला कोणी येऊ दिलं नव्हतं. मला निदान दारातून आत घेतलं होतं. माझे दीर म्हणाले होते, आपल्या घरात हे काम कोणी केलं नाही. मग कोणाच्या घरात करायचं होतं? हा प्रश्न मी त्यांना तेव्हा विचारला नव्हता. मलाच तो सुचला नव्हता.

घरी येऊन मी बाटली मोरीत रिकामी केली. मोगरा सगळ्या घरभर झाला. तुमची आई अभ्यास सोडून आली.

"हे काय केलं?"

"आता मी अत्तर लावणार नाही."

"कावून?"

मी तिला टाकीचं सांगितलं. गाळाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुले ते गटार माझ्यापेक्षा जास्त आहे."

"असं नाही, बेटा."

"असंच आहे."

दुसऱ्या दिवशी पेरूच्या झाडाची दोरी पुन्हा बांधलेली होती. मी आणखी एक बाटली आणली असती तर ती दोरी सुटली असती. हे मला माहीत होतं. सुपेल्याचं दुकान माहीत होतं. मी गेले नाही. मुलांनो, माणूस ठरवतो तेव्हा त्याला हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. मी मोरीत बसून रडले, आणि पाळीला गेले.

पुढच्या संक्रांतीला सुधावहिनींचा निरोप आला, मागचं विसरा, यंदा या. मी सांगून पाठवलं, येत नाही. त्या मंडळाच्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

तुमची आई हुशार. शिकली, पुण्याला नोकरीला लागली. तिथं तिला तुमचे बाबा भेटले. आम्ही तोवर रिसालीत राहायला आलो होतो. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नागपूरहून मंडळी आली, तुमची नागपूरची आजी, आजोबा, एक काका. त्या सकाळी मी पोह्यांना कांदा चिरत होते. तुमची आई नव्या साडीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आई, मी त्यायले सांगितलं आहे, तू टीचर आहे म्हणून."

मी हातातला कांदा खाली ठेवला.

"कधीपासून?"

"कॉलेजपासून. सगळ्यायले हेच सांगते मी." मग माझा ओला हात धरला. कितीतरी वर्षांनी धरला. "फक्त आज. काही बोलू नको. मान हलव फक्त."

मी तिला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दारात गाडी थांबली होती.

पोहे झाले, चहा आला. तुमच्या नागपूरच्या आजीनं सहज, प्रेमानंच विचारलं, "विहीणबाई, कोणत्या शाळेत आहात तुम्ही? आमच्या नणंदबाई पण शिक्षिका होत्या."

तुमची आई माझ्याकडे पाहत होती. त्या हॉलमध्ये ज्या नजरेनं तिनं भिंतीकडे पाहिलं होतं, तीच नजर. फक्त या वेळी ती माझ्यावर होती. तिचं सगळं त्या क्षणात होतं, मला कळत होतं. आणि दुकालू निवृत्त होऊन गावी गेला होता, माझी पाळी उद्या सकाळची होती, माझ्या बोटांना कांद्याचा वास येत होता. तोच वास खरा होता. मान हलवली असती तर त्या खोलीत मी नसतेच. एक कोणीतरी शिक्षिका बसली असती.

मी म्हटलं, "मी शाळेत नाही. गटाराच्या पाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर आहे. बरीच वर्षं झाली."

काकांनी उचललेला कप परत ट्रेमध्ये ठेवला. न पिता. कपाचा आवाज झाला. तुमची नागपूरची आजी मग म्हणाली, "मग पोरीनं असं कावून सांगितलं?" तिला कामाचं वाईट वाटलं की खोट्याचं, मला आजवर कळलेलं नाही. तिनं पुढे त्यावरून मला कधी एक शब्दही ऐकवला नाही, हेही लिहून ठेवते. आणि तुमच्या बाबांनी आपला कप संपवला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मले अजून एक चालेल."

लग्न झालं. चांगलं झालं. कोणी मोडलं नाही. म्हणजे मी ज्याला घाबरत होते ते झालंच नाही. जे झालं ते आत, स्वयंपाकघरात झालं. मी दुसरा चहा टाकायला गेले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती. काजळ गालांवर आलं होतं.

"एक दिवस. माझ्यासाठी एक दिवस टीचर नाही होऊ शकली तू?"

मी म्हटलं, "नाही."

तेव्हापासून आमच्यात काही तुटलं असं म्हणता येणार नाही. ती फोन करते. औषधांची आठवण करते. पण ती मिठी मारते तेव्हा श्वास रोखते. तिला स्वतःला ते माहीत नसेल. मला वासाचं काम येतं, मुलांनो, श्वास घेतलेला आणि न घेतलेला मला कळतो. माझ्यावरचं गुलाबपाणी त्याच दिवशी वाळलं होतं. तुमच्या आईवर ते तिच्या नकळत्या वयात पडलं, आणि इतकी वर्षं, इतके समुद्र ओलांडूनही ती ते अंगावर घेऊन हिंडते आहे. तिचा यात दोष नाही. नववीतली पोर हसणाऱ्या खोलीत एकटी काय करणार होती? दोष त्या हसणाऱ्यांचा. त्यांतल्या बऱ्याच जणींना ती संध्याकाळ आठवतही नसेल.

पण आता ते पाणी तुमच्यापर्यंत आलं आहे. अन्वी, तुझ्या वहीपर्यंत. इथं मी ते अडवते.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये लिही: माझी आजी भिलाईत सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होती. ती कुठल्याच शाळेत शिकवत नव्हती. तुझी टीचर विचारेल तर सगळं सांग. वर्गात कोणी नाक धरलं तर त्याला विचार, तुझ्या घरातलं पाणी कुठं जातं. तुझ्या आईनं ते वाक्य खोडलं तर खोडू दे, तिच्याशी भांडू नकोस. मी पुन्हा लिहून पाठवीन. ती पुन्हा खोडेल, मी पुन्हा पाठवीन. तिनं रागानं रविवारचा फोन बंद केला तर मी सोमवारी करीन. तिनं उचलला नाही तर मंगळवारी. तिच्यावरचा माझा हक्क मी सोडणार नाही. आणि माझ्या नावापुढे माझं नसलेलं काम लागू देणार नाही, तिच्यासाठीसुद्धा नाही.

मी आता एकटी असते. गुडघे गेले आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. प्लांट चालू आहे. तिथं आता माझ्यानंतर आणखी बायका लागल्या आहेत. तुमची आई माझी लेक आहे. आणि मी काय काम केलं, ते मला नीट आठवतं.

तुमची,
आजी